आठवीनंतर घरी बसलेल्या नऊ मुली: सायकली घ्याव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत, हायस्कूल सहा किलोमीटरवर. गेल्या वर्षी आठवी झालेल्या चौदा मुलींपैकी पाच नववीला जातात, नऊ घरी आहेत. पुण्यात आणि चाकणला नोकरी करणाऱ्या गावातल्या पोरांनी मिळून वर्षाला १,८०,००० रुपये उभे करायचं ठरवलंय. या पैशात सायकली घ्याव्यात की हुशार मुलींना शिष्यवृत्ती द्यावी?

शिष्यवृत्ती नको. सायकली घ्याव्या लागतील, पण बहुधा सगळ्यांना नाही, आणि पहिला खर्च तर तो नक्कीच नाही.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. या नऊ मुलींपैकी बहुतेकींनी शाळा सोडायचं ठरवलेलं नसतं. एक शाळा संपलेली असते आणि दुसऱ्या शाळेत नाव घालायला कुणी गेलेलं नसतं. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. दाखला हातात दिला की गावच्या मुख्याध्यापकांची जबाबदारी संपते. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना ही मुलगी माहीतच नसते, तेव्हा ती आली नाही हेही त्यांना कळत नाही. एप्रिलअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती कुणाच्याच हजेरीपटावर नसते. त्याच अडीच महिन्यांत लग्नसराई असते, पेरणी असते, पैशाची सगळ्यात जास्त ओढाताण असते. जुलैत कुणी विचारलं तर घरचे म्हणतात, "तिलाच आवड नाही." तोवर ते खरंही झालेलं असतं.

म्हणून पैसे कशावर खर्च करायचे याआधी या अडीच महिन्यांत प्रत्येक मुलीमागे कोण उभं राहणार, हे ठरवा.

यादी

शाळेच्या जनरल रजिस्टरवरून गेल्या तीन वर्षांत आठवी झालेल्या आणि आत्ता सातवी-आठवीत असलेल्या सगळ्या मुलींची नावं काढा. एका वहीत प्रत्येकीला एक पान. त्यावर एवढं लिहा: दाखला नेला का, कुठल्या शाळेत दिला, आज ती प्रत्यक्ष कुठे आहे, घर गावठाणात की वस्तीवर की तांड्यावर, घरी लहान भावंड कोण सांभाळतं, थोरल्या बहिणीचं लग्न कितव्या वर्षी झालं, आईबाप ऊसतोडीला जातात का आणि गेल्यावर मुलगी कुठे राहते, आधार आणि बँक खातं आहे का, दोन्हींवर नाव एकसारखं आहे का.

एक प्रकार कागदावर दिसत नाही, तो या वहीत दिसला पाहिजे. दाखला हायस्कूलात दिलाय, नाव पटावर आहे, पण मुलगी जूनमध्ये आठ दिवस गेली आणि नंतर घरी. सरकारी आकडेवारीत ती शिकतेय. नुसती प्रवेशाची चौकशी केलीत तर तुमच्या नऊपैकी दोन-तीन अशा सुटतील. त्यामुळे हायस्कूलात जाऊन वर्गशिक्षकांचा हजेरीपट बघा.

घरी विचारायला बाई जाऊ दे, आणि "शाळा का सोडली?" असं विचारू नका. त्याला एकच ठरलेलं उत्तर येतं. "किती वाजता निघावं लागतं? कुणासोबत जाते? परतायला किती वाजतात? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर काय करता?" असं विचारा. आईशी वेगळं बोला, मुलीशी वेगळं. बाप बहुतेक वेळा लांब आहे म्हणतो, आई सोबत नाही म्हणते, मुलगी गणित येत नाही म्हणते. तिघांचंही खरं असतं.

अंतर आणि सोबत

सहा किलोमीटर चालत म्हणजे सव्वा तास, सायकलवर अर्धा तास. पण घरचे लोक किलोमीटर मोजत नाहीत. रस्त्याला वस्ती किती आहे, फाट्यावर टपरी कुठली आहे आणि सोबत कोण आहे, हे ते बघतात. पाच मुली मिळून जात असतील तर सहाव्या मुलीच्या घरून परवानगी मिळते. तीच मुलगी एकटी असेल तर तिला नवी सायकल दिली तरी ती दारात उभी राहते. म्हणून मुलींचे प्रवेश एकेकटे न घेता रस्त्याप्रमाणे गट करून घ्या: गावठाणाचा गट, वस्तीचा गट, तांड्याचा गट. एका गटातल्या सगळ्या मुली एकाच दिवशी, एकाच शाळेत, जमलं तर एकाच तुकडीत.

सायकलींचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण बिहारचं. तिथे २००६ साली नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला. त्यात योग्य वयात नववी-दहावीत असणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. फायदा मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत होता. तुमचं गाव त्यात बसतं. पण तिथे वर्गातल्या सगळ्या मुलींना एकाच वेळी सायकली मिळाल्या आणि रस्त्यावर मुलींचा घोळका दिसू लागला. चौदापैकी गुणवत्तेनुसार चार मुलींना सायकली दिल्या तर हे घडत नाही.

सायकल घेण्याआधी एसटीचं बघा, कारण ती फुकट आहे. अहिल्यादेवी होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना गाव ते शाळा मोफत पास मिळतो. मागास तालुक्यांसाठीच्या सरकारी मानव विकास कार्यक्रमात राज्यातले १२५ तालुके आहेत. त्यात तुमचा तालुका असेल तर मुलींसाठीच्या निळ्या एसटी गाड्या आहेत, शिवाय आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी थेट खात्यात पैसे मिळतात. या सायकलीचा लाभ शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना आहे. तुमचं गावठाण सहावर असलं तरी हायस्कूलच्या बाजूच्या वस्त्या त्यात बसू शकतील. अर्ज हायस्कूलमार्फत जातो, तेव्हा मुख्याध्यापकांना विचारा.

एसटी असूनही उपयोग होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा वेळ असतं. गाडी सव्वानऊला आणि शाळा साडेदहाला, किंवा शाळा पाचला सुटते आणि गाडी पावणेसातला. डिसेंबरात सव्वासहाला अंधार पडतो, आणि फाट्यावर तास-दीड तास उभ्या राहणाऱ्या मुलींचं शिक्षण तिथेच संपतं. नवी फेरी मागायला जाऊ नका, ती क्वचित मिळते. असलेल्या फेरीची वेळ बदलून मागा. आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचं पत्र आणि गावनिहाय, इयत्तानिहाय मुलींची यादी जोडा. आगारात बोलणं भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते यावर येतं. "आमच्या मुलींची अडचण समजून घ्या" यापेक्षा "या मार्गावरच्या तीन गावांतून रोज ३४ पासधारक चढतील" हे वाक्य जास्त काम करतं, कारण मोफत पासाचे पैसे सरकार महामंडळाला देतं. शेजारच्या दोन गावांना सोबत घ्या. अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यात पोचला पाहिजे. जूनमध्ये वेळापत्रक ठरून गेलेलं असतं.

गाडीची वेळ हललीच नाही तर शाळेची हलते का बघा. हायस्कूलने मधली सुट्टी दहा मिनिटांनी कमी करून आणि सकाळी पंधरा मिनिटं लवकर भरवून पंचवीस मिनिटं आधी सोडलं तर पूर्वीची गाडी सापडते. याला एक रुपया लागत नाही, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक तयार व्हावे लागतात, इतकंच. शाळेत बाहेरगावच्या मुली किती आहेत हे त्यांना मोजून दाखवलं की बरेच जण तयार होतात.

पासाची एक छोटी पण महागात पडणारी अडचण आहे. बोनाफाईड, फोटो आणि शिक्का जमून पास हातात पडायला कित्येकदा जुलै उजाडतो. अलीकडे पास शाळेतच देण्याची मोहीम चालते, पण पहिले दोन-तीन आठवडे तरीही कोरडे जातात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे सहा किलोमीटरचं जाणं-येणं फार नाही. तरी जूनमध्ये रोजचे ते पैसेही घरातून निघत नाहीत. हा पहिला महिना तुमच्या निधीतून द्या. एवढ्या छोट्या रकमेत इतकं काम दुसरीकडे होणार नाही.

ज्या वस्त्यांना एसटी लागूच नाही, त्यांच्यासाठी सायकल. साधी लेडीज सायकल पाच-साडेपाच हजारांत येते. गिअरवाली घेऊ नका. तालुक्याच्या ठिकाणाबाहेर तिचे पार्ट मिळत नाहीत. मुलीची उंची पाच फुटांच्या आत असेल तर २४ इंची चाक, त्यावर असेल तर २६ इंची. पूर्ण चेनकव्हर हवंच, नाहीतर ओढणी आणि सलवार अडकते. मागे पक्कं कॅरिअर, पुढे बास्केट, स्टँडला कुलूप, मागे आणि पेडलला रिफ्लेक्टर. तुमच्याकडे काळी माती असेल तर मडगार्ड आणि टायरमध्ये तीन बोटांची फट असलेली सायकल निवडा. पावसाळ्यात चिखल मडगार्डात भरतो आणि चाक फिरत नाही, मग मुली सायकल उचलून चालतात. आठ दिवस असं झालं की सायकल भिंतीला लागते.

खरेदीनंतरचा खर्च लोक धरत नाहीत. सायकलमागे वर्षाला ५०० रुपये दुरुस्तीला बाजूला ठेवा. गावात एक पंप, पंक्चरचं सोल्युशन, ठिगळं, टायर काढायच्या दोन पट्ट्या, दोन जादा ट्यूब आणि ब्रेकच्या रबरांचे चार जोड एका घरी ठेवा. पंक्चर काढायला मुलींनाच शिकवा, एका रविवारी होतं ते. आणि सायकल मुलीच्या नावावर लिहून द्या: ती शाळेत जायची थांबली तर सायकल गटातल्या दुसऱ्या मुलीकडे जाईल. या एका अटीमुळे भाऊ ती सायकल बाजाराला नेण्याआधी विचार करतो.

ठरवून गाडी लावणं हा तिसरा मार्ग. दहा मुली, माणशी महिना सातशे रुपये धरले तर दहा महिन्यांचे ७०,००० होतात. दर तुमच्याकडे वेगळा असेल. हा खर्च दरवर्षीचा आहे, म्हणून अगदीच वाईट रस्ता असेल तरच करा. गाडी लावलीत तर परमिट आणि विमा बघून घ्या, पुढच्या सीटवर मुलगी बसणार नाही हे आधी सांगा आणि पैसे आयांच्या बचत गटाकडून द्या. ड्रायव्हरबद्दल तक्रार असेल तर मुलगी आईला सांगेल, तुमच्या पुण्याच्या ग्रुपवर लिहिणार नाही.

जूनचा खर्च

मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, मग पैशाची अडचण कसली, असं शहरातून वाटतं. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं, गणवेश आणि दुपारचा पोषण आहार शाळेतून मिळतो. नववीला हे तिन्ही एकदम बंद होतं. पुस्तकांचा संच, वह्या, गणवेशाचे दोन जोड, दप्तर, चप्पल, कंपास, रोजचा डबा असं पहिल्या पंधरा दिवसांत अडीच-तीन हजारांवर जातं. त्याच पंधरा दिवसांत घरातली रोकड बियाणं आणि खताला गेलेली असते. बाप नाही म्हणत नाही. तो म्हणतो, "पेरणी होऊ दे, मग बघू." पेरणी संपेपर्यंत जुलैचा दुसरा आठवडा येतो, वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो, आणि जुन्या गणवेशात उशिरा जाऊन बसायची मुलीला लाज वाटते.

तेव्हा रोख देऊ नका. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी शिवून तयार गणवेश, पुस्तकं आणि वह्या घरपोच द्या. माप मेमध्ये घ्या, शिलाई गावातल्याच बाईकडे द्या. आणि सगळ्या मुलींना द्या. यात पहिला-दुसरा नंबर बघितलात तर मदतीची खरी गरज असलेली मुलगी सुटेल. शिष्यवृत्ती नको म्हणालो ती याचसाठी. पहिल्या नंबरची मुलगी तुमच्याशिवायही बहुधा नववीत जाते.

हुशार मुलींसाठी तुमच्या पैशांची गरजही नाही. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असताना देता येते. सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. बुद्धिमत्ता चाचणी आणि शालेय विषय असे ९०-९० गुणांचे दोन पेपर असतात. लहान शाळांतून फॉर्मच भरले जात नाहीत. आत्ताच्या आठवीतल्या पात्र मुलींचे फॉर्म भरले जातील आणि आठवड्यातून दोनदा सराव होईल, एवढं बघा. दोन मुली निवडल्या गेल्या तरी ९६,००० रुपये गावात आले. मागासवर्गीय मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती वेगळी आहे, तीही शाळेकडूनच भरायची.

हे सगळे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि इथे नाव आडवं येतं. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, खात्यावर तिसरंच. अर्ज अडकतो आणि वर्ष जातं. आठवीच्या दुसऱ्या सत्रात शाळेतच एक दिवस ई-सेवा केंद्रवाल्याला बोलावून आधार दुरुस्ती, उत्पन्नाचा दाखला आणि जातीच्या दाखल्याचे अर्ज उरकून घ्या. आधीपासून पक्कं मानायचं नाव जनरल रजिस्टरवरचं.

लेक लाडकी योजनेचं तुम्ही विचारलं होतं. मुलीच्या जन्मापासून टप्प्याटप्प्याने पैसे देणारी ही सरकारी योजना १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. आजच्या आठवीला तिचा काही उपयोग नाही, घरोघरी तिची आशा लावू नका. "दहावीनंतर खर्च कोण करणार?" असं विचारणाऱ्या बापाला मात्र हे सांगा: २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. ही माहिती गावात अजून पोचलेली नसते.

अभ्यासाची भीती

मुलगी "आवड नाही" म्हणते तेव्हा निम्म्या वेळी ती "मला येत नाही" असं सांगत असते. ग्रामीण मुलांना कितपत येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला दुसरीच्या पातळीचा उताराही आपल्या भाषेत सफाईने वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जेमतेम ४३ टक्क्यांना जमलं. अशी मुलगी नववीच्या बीजगणितात पहिल्याच घटक चाचणीत गळते. आता आठवीलाही वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास पुनर्परीक्षा आहे. जूनमधल्या पुनर्परीक्षेला मुलगी गेलीच नाही तर तिच्या पुढच्या प्रवेशाचा प्रश्नच उरत नाही. या मुलींची नावं मेमध्येच घ्या.

एप्रिलअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रोज सकाळी दोन तास वर्ग घ्या, सहा आठवडे. पहिल्या दिवशी एक उतारा वाचून घ्या आणि एक भागाकार करून घ्या, त्यावरून दोन गट पडतात. खालच्या गटाला वाचन आणि चार मूलभूत क्रिया एवढंच. वरच्या गटाला अपूर्णांक, ऋण संख्या, साधी समीकरणं आणि इंग्रजीचं वाचन. इतिहास-भूगोल आणि नववीचे धडे आधीच शिकवून टाकायचा मोह आवरा. शिकवायला गावातलीच डी.एड. किंवा बी.एस्सी. झालेली मुलगी शोधा, महिना सहा हजार द्या. या वर्गाचा आणखी एक फायदा आहे. उन्हाळाभर मुली रोज एकमेकींना भेटतात, म्हणजे जूनचा गट आपोआप तयार होतो आणि कुणाच्या घरी पाहुणे "बघायला" येऊन गेले हे वेळेवर कळतं.

लग्न आणि ऊसतोड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड आणि परभणीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. ऊसतोडीत उचल (आगाऊ रक्कम) जोडप्याला, म्हणजे कोयत्याला मिळते, म्हणून लग्न लवकर झालं तर कोयता लवकर तयार होतो. आणि फडावर नेलेली वयात आलेली मुलगी पाचटाच्या खोपीत ठेवायची भीती वाटते, गावात एकटी ठेवायचीही वाटते. या दोन गोष्टी समजून न घेता नुसतं प्रबोधन केलंत तर लोक मान डोलावतात आणि तारीख धरतात.

म्हणून अशा घरांसाठी पहिला उपाय राहायची सोय. आईबाप दसरा-दिवाळीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात, म्हणजे जूनमध्ये सायकलवर जाणारी मुलगी नोव्हेंबरात नाहीशी होऊ शकते. ऑगस्टमध्येच विचारा: यंदा ती कुठे राहणार? आजी घरी असेल तर आजीला थोडा किराणा लावून देणं सगळ्यात स्वस्त आणि मुलीला सगळ्यात आवडणारं. हंगामी वसतिगृहं बहुतेक आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असतात, नववीची मुलगी त्यात बसेल असं धरून चालू नका. त्यापुढे तीन ठिकाणी चौकशी करा: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं, समाजकल्याणची मुलींची शासकीय वसतिगृहं आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय. कस्तुरबा विद्यालयं पूर्वी सहावी ते आठवीच होती. २०१८ पासून ती बारावीपर्यंत नेण्याची तरतूद आहे, पण प्रत्येक ठिकाणी तसं झालेलं नाही. तुमच्या तालुक्यातलं कितवीपर्यंत आहे ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. आईला एकदा तिथे नेऊन आणा. वसतिगृहाला नकार देणाऱ्या बहुतेक आयांनी ते पाहिलेलं नसतं.

लग्न ठरल्याचं कळलं तर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), मदतीला अंगणवाडी सेविका. १०९८ वर फोन करता येतो, नाव गुप्त राहतं. तुमच्या कामाशी जोडलेली बाई मात्र घरोघरी जाणारी असेल तर फोन दुसऱ्या कुणीतरी करावा. तिच्यावर एकदा संशय आला की पुढच्या वर्षी कुणीही तिला दारात उभं करणार नाही. आणि लग्न थांबवलेली मुलगी आठ दिवसांत शाळेत बसली पाहिजे. घरीच राहिली तर ते लग्न दुसऱ्या गावात लागतं.

स्वच्छतागृह

पॅड वाटपाबद्दल लिहिलंय तुम्ही. वाटा, पण त्याने गळती थांबेल असं समजू नका. नेपाळमधल्या चितवन भागात झालेल्या एका अभ्यासात पाळीमुळे बुडणारे दिवस वर्षाला अर्ध्या दिवसाहूनही कमी निघाले होते. आपल्याकडे मला जास्त खटकतं ते बिनपाण्याचं स्वच्छतागृह. चाळीस मुलींमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या हे प्रमाण सरकारनेच ठरवलंय. बांधकाम असतंही, पण नळ बाहेर, कडी तुटलेली, किल्ली शिपायाकडे. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. हायस्कूलला कडी, आत नळ, झाकणाची बादली आणि महिन्याची सफाई एवढं करून द्या, सात-आठ हजारांत होतं. पण ते हायस्कूलने मान्य केलं तरच. नाहीतर त्या भांडणात वर्ष जाईल.

एक बाई, महिना चार हजार

तुमच्या निधीतला सगळ्यात मोठा खर्च इथे व्हावा असं माझं मत आहे. गावातलीच, बारावी झालेली, सासरी रुळलेली, सगळ्या आळ्यांत ऊठबस असलेली बाई. तिचं काम ठरलेलं: वही तिच्याकडे, मेमध्ये प्रत्येक घरी दोनदा, प्रवेशाच्या दिवशी गटासोबत हायस्कूलला, आणि वर्षभर आठवड्यातून एकदा वर्गशिक्षकांना फोन. मुलगी सलग तीन दिवस गैरहजर दिसली की चौथ्या दिवशी घरी. तीन दिवसांनी कारण ताप किंवा पंक्चर असतं आणि सुटतं. तीन आठवड्यांनी मुलगी शेतात जायला लागलेली असते.

हिशेब साधारण असा बसतो. बाईचे ४८,०००. उन्हाळी वर्ग साहित्यासह १५,०००. चौदा मुलींचं जूनचं साहित्य, माणशी अडीच हजार, ३५,०००. वस्तीवरच्या सहा सायकली दुरुस्तीसह ३६,०००. पहिल्या महिन्याचा प्रवास आणि कागदपत्रं १०,०००. एकूण १,४४,०००. उरलेले ३६,००० हात न लावता ठेवा. त्यातून आजीचा किराणा, वसतिगृहाची पेटी-अंथरूण, मोडलेली कडी असं अवेळी येणारं निघतं. दुसऱ्या वर्षी सायकलींचा खर्च कमी होतो, पण नववी आणि दहावी असे दोन वर्ग सांभाळायचे असतात, तेव्हा वर्गणी कमी करू नका.

यश मोजताना जूनचा प्रवेश मोजू नका, तो फोटोपुरता असतो. जुलैचा पहिला आठवडा, दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, संक्रांतीनंतरचा आठवडा आणि नववीचा निकाल अशा चार वेळी वर्गात प्रत्यक्ष किती मुली आहेत ते मोजा. दिवाळीनंतरचा आकडा पडला तर कारण स्थलांतर. संक्रांतीनंतर पडला तर लग्न किंवा नापासाची भीती. उपाय वेगळे आहेत.

आता घरी असलेल्या नऊ जणी. त्यांचं एकच वर्ष गेलंय, त्यांना येत्या जूनमध्ये नव्या गटाबरोबर नववीलाच घाला. वर्ष वाया गेलं म्हणून हायस्कूलने नाही म्हणायचं कारण नाही, मूळ दाखला लागेल तेवढा. यादीत दोन-तीन वर्षं गेलेल्या मुली निघाल्या तर त्यांना वर्गात लहान मुलींबरोबर बसायला नको वाटतं. त्यांच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म: किमान पाचवी पास, वय चौदा पूर्ण, मूळ दाखला हातात. मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करून खासगी विद्यार्थिनी म्हणून थेट दहावीला बसता येतं. फॉर्म भरून मुलीला घरी सोडून देऊ नका, गणित आणि इंग्रजीत अशा मुली हमखास नापास होतात. उन्हाळी वर्गाची शिक्षिका वर्षभर संध्याकाळी दीड तास देऊ शकत असेल तरच हा मार्ग घ्या.

यादी झाल्यावर तीन गोष्टी इथे लिहा: कुठल्या वस्तीवर किती मुली, सध्याच्या एसटीच्या जाण्या-येण्याच्या वेळा आणि नऊपैकी किती घरं ऊसतोडीला जातात. सायकली सहा घ्यायच्या की दोन, आणि वसतिगृहाचे अर्ज किती जणींचे करायचे, हे त्यावरून सांगता येईल.